जांघेतला हर्निया, पण कुणाचा? : ‘रुग्ण कोण होते’ ही ओळ वाचायला शिकूया



पेट पास झाली, कोर्सवर्क सुरू झालं की गाईड पहिलं वाक्य म्हणतात, “जरा लिटरेचर वाचा.” मग आपण वीस-पंचवीस पेपर डाउनलोड करतो. शीर्षक वाचतो, गोषवारा वाचतो, थेट निष्कर्षावर उडी मारतो आणि वहीत एक ओळ लिहितो : “अमुक पद्धत सुरक्षित आहे.” मधला जो भाग आपण गाळतो, त्यात एक छोटा परिच्छेद असतो. अभ्यासात कोणाला घेतलं आणि कोणाला घेतलं नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. आजची पोस्ट त्या परिच्छेदाबद्दल आहे.

उदाहरण मुद्दाम आपल्या विषयाबाहेरचं घेतलंय : जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया. मी सर्जन नाही, आणि ही पोस्ट वैद्यकीय सल्ला नाही. पण हे उदाहरण घेण्याची दोन कारणं आहेत. एक, या विषयात महाराष्ट्रातल्या दोन सर्जननी जगभर वाचलं गेलेलं काम केलंय. दोन, इथं पेपर चुकीचा वाचला तर नुकसान मार्कांचं होत नाही, कुणाच्या तरी आतड्याचं होतं.

आधी थोडं शरीर समजून घेऊ

हर्निया म्हणजे आपल्याकडं ज्याला अंतर्गळ म्हणतात तो. पोटाच्या भिंतीत एखादी जागा कमकुवत असते, तिथून आतली चरबी किंवा आतडं बाहेर डोकावतं. जांघेत अशा तीन जागा महत्त्वाच्या आहेत. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून खाली मध्यभागी, जननेंद्रियाच्या वरच्या हाडापर्यंत एक घट्ट पट्टा तिरका जातो. त्याला इंग्वायनल लिगामेंट म्हणतात. या पट्ट्याच्या वर दोन जागा आहेत. तिथून येणाऱ्या हर्नियाला इंग्वायनल हर्निया म्हणतात, आणि जांघेतले बहुतेक हर्निया हेच असतात. तिसरी जागा पट्ट्याच्या खाली, मांडीकडं जाणाऱ्या मोठ्या शिरेच्या आतल्या बाजूला आहे. तिथून येणारा तो फिमोरल हर्निया. हा कमी आढळतो. पण त्याचं तोंड अरुंद आणि कडा कडक असतात, त्यामुळं आतडं अडकण्याचा धोका जास्त.

याहून दुर्मिळ प्रकारही आहेत. ओटीपोटातल्या हाडाच्या छिद्रातून येणारा ऑब्ट्युरेटर हर्निया बहुतेक वयस्कर, कृश बायकांमध्ये दिसतो, आणि बाहेरून गाठ सहसा दिसतच नाही. रिश्टर प्रकारात आतड्याच्या भिंतीचा एकच भाग अडकतो. आतड्याची वाट पूर्ण बंद होत नाही, म्हणून शौचाला होतही राहतं, आणि आत मात्र तेवढा भाग काळा पडत जातो. अम्यांड हर्नियात पिशवीत चक्क अपेंडिक्स सापडतं.

‘पट्ट्याच्या वर’ आणि ‘पट्ट्याच्या खाली’ एवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे.

महाराष्ट्रातली दोन कामं

पहिलं काम धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचं. डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हे ग्रामीण भागात काम करणारे सर्जन. हर्नियाच्या दुरुस्तीत भिंतीला आधार म्हणून कृत्रिम जाळी बसवतात, तिला मेश म्हणतात. कंपनीची जाळी गरीब रुग्णाला परवडत नाही. टोणगावकरांनी विचार केला की मच्छरदाणीचं कापडही त्याच कुळातल्या प्लास्टिकचं असतं, मग ते निर्जंतुक करून का वापरू नये? २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अनेक केंद्रांतला प्राथमिक अनुभव प्रसिद्ध झाला.

हा प्रश्न पुढं आफ्रिकेत गेला. युगांडाच्या पूर्व भागात स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी यांची रँडमाइज्ड, डबल-ब्लाइंड तुलना झाली. २०१६ मध्ये तिचे निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. ३०२ रुग्ण होते. एका वर्षानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत आला (०.७ टक्के), कंपनीच्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या तक्रारी ३०.८ आणि २९.७ टक्के, म्हणजे जवळपास सारख्याच. दोंडाईचासारख्या गावातली कल्पना इतक्या कडक परीक्षेत टिकली, याचा अभिमान वाटायलाच हवा.

दुसरं काम पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांचं. त्यांनी जाळीच नको म्हटलं. पोटाच्या बाहेरच्या स्नायूचा जो चिवट पडदा असतो, त्याचीच एक पट्टी वापरून कमकुवत भिंत झाकायची. पट्टीची खालची कड इंग्वायनल लिगामेंटला शिवायची, वरची कड आतल्या स्नायूला. २००१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर तिची तुलना लिख्टेनस्टाइन या जाळीच्या प्रचलित पद्धतीशी झाली. तीन वर्षांनी दोन्ही गटांत प्रत्येकी दोघांचा हर्निया परत आला होता. हे निकाल २०१२ मध्ये वर्ल्ड जर्नल ऑफ सर्जरीत आले.

इथपर्यंत वाचून वहीत काय लिहाल? बहुतेक जण लिहितील : “जांघेतल्या हर्नियासाठी स्वस्त जाळी आणि देसरडा पद्धत दोन्ही चालतात.” वाक्य बरोबर वाटतं, पण ते या पेपरमधून निघत नाही.

रुग्ण कोण होते?

युगांडाच्या चाचणीतले सगळे ३०२ रुग्ण प्रौढ पुरुष होते. हर्निया पहिल्यांदाच झालेला, एकाच बाजूचा, हातानं आत ढकलता येणारा. पोलंडच्या चाचणीतले २०८ जणही पुरुषच. आणखी एक गाजलेली अमेरिकन चाचणी पाहा. ‘त्रास फारसा नसेल तर लगेच ऑपरेशन न करता वाट पाहिली तर चालेल का?’ हा तिचा प्रश्न, आणि २००६ मध्ये जामा या जर्नलमध्ये तिचं उत्तर आलं : चालेल, कारण हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण दर हजार रुग्ण-वर्षांमागं १.८ इतकं कमी होतं. त्यातले ७२० रुग्णही सगळे पुरुष.

म्हणजे तीन प्रश्न, तीन चांगल्या चाचण्या, आणि तिन्हींत मिळून एकही स्त्री नाही.

यात लगेच कट शोधू नका. पुरुष घेण्याला कारण आहे. स्वीडनच्या राष्ट्रीय हर्निया नोंदवहीत जांघेच्या शस्त्रक्रियांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे ८ टक्केच आहे. चाचणीत एकसारखे रुग्ण घेतले की फरक मोजणं सोपं जातं, कमी रुग्णांत काम होतं, पैसे वाचतात. तुम्हीही तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हेच कराल. वगळणं हा दोष नाही. वगळलेल्यांना निष्कर्षात परत घुसवणं हा दोष आहे.

माझी टीका इथं आहे. अमेरिकन पेपरनं शीर्षकातच ‘पुरुष’ असं लिहिलंय, पोलंडच्या पेपरनं शीर्षकात ‘प्राथमिक इंग्वायनल हर्निया’ असं म्हटलंय. युगांडाच्या पेपरचं शीर्षक मात्र नुसतं ‘ग्रॉइन हर्निया’ म्हणतं, म्हणजे जांघेतला कुठलाही हर्निया, कुणाचाही. गोषवाऱ्यात ‘पुरुष’ हा शब्द आहे, निष्कर्षातही आहे, म्हणून लेखकांनी फसवलं असं म्हणता येणार नाही. पण पेपर प्रवास करतो तो शीर्षकाच्या जोरावर. बातमीत, सेमिनारच्या स्लाइडवर, दुसऱ्या पेपरच्या प्रस्तावनेत जाता जाता ‘पुरुष’ गळून पडतो आणि ‘जांघेतला हर्निया’ उरतो.

बरं, बायकांना लागू केलं तर बिघडलं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात यायलाच हवा. माणूस तोच, जांघ तीच. औषधाच्या चाचण्या आपण एका गटावर करून दुसऱ्याला लावतोच की! त्यासाठी निकाल कसा घडला, म्हणजे यंत्रणा काय होती, हे बघावं लागतं.

लिख्टेनस्टाइन पद्धतीत जाळीची खालची कड इंग्वायनल लिगामेंटला शिवतात. देसरडांची पट्टीही तिथंच शिवतात. दोन्ही दुरुस्त्या पट्ट्याच्या वरच्या भागाला आधार देतात. फिमोरल हर्निया येतो पट्ट्याच्या खालून. म्हणजे दुरुस्ती कितीही सुबक झाली तरी खालची वाट मोकळीच राहते. हा सर्जनच्या हाताचा दोष नाही, ती पद्धत त्या जागेसाठी नाहीच.

फिमोरल हर्नियासाठी वेगळ्या वाटा आहेत. लॉकवुड, लोथाइसेन आणि मॅकएव्हडी ही जुनी नावं त्या जागेकडं अनुक्रमे खालून, मधून आणि वरून पोचण्याच्या मार्गांची. टाके घालून ते तोंड बंद करता येतं, किंवा भिंतीच्या मागच्या बाजूनं, पोटाच्या अस्तरापुढं, मोठी जाळी पसरता येते. फ्रेंच सर्जन फ्रुशो यांनी १९५६ मध्ये दाखवलं होतं की जांघेतल्या या तिन्ही जागा मुळात एकाच मोठ्या कमकुवत खिडकीचे भाग आहेत. मागून जाळी लावली की सगळी खिडकी एकदम झाकली जाते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हेच करतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी बायकांच्या जांघेतल्या हर्नियासाठी, कौशल्य उपलब्ध असेल तिथं, दुर्बिणीची दुरुस्ती सुचवली, ती याच कारणानं.

आता आकडे बघा. २००५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत स्वीडनच्या नोंदवहीतल्या बायकांच्या ६,८९५ शस्त्रक्रियांचा अभ्यास आला. पहिल्या वेळी इंग्वायनल हर्निया असं निदान झालेल्या ज्या बायकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, त्यांतल्या ४१.६ टक्के जणींमध्ये दुसऱ्या वेळी फिमोरल हर्निया सापडला. पुरुषांमध्ये हेच प्रमाण ४.६ टक्के होतं.

थांबा. हा आकडा वहीत लिहिण्याआधी त्याचा छेद तपासा. हे सगळ्या बायकांतले ४१.६ टक्के नाहीत, दुसऱ्यांदा टेबलावर आलेल्यांतले आहेत. शिवाय अर्थ दोन निघतात. एक, फिमोरल हर्निया पहिल्याच वेळी होता आणि तो दिसला नाही. दोन, तो नंतर झाला. नुसत्या आकड्यावरून यातलं कुठलं खरं हे ठरत नाही. पण दोन्ही अर्थांचा व्यवहारातला धडा एकच : बाईच्या जांघेत शस्त्रक्रिया करताना पट्ट्याच्या खाली बघितल्याशिवाय काम संपत नाही.

दुसरा अभ्यास २००९ चा, ॲनल्स ऑफ सर्जरीतला, त्याच नोंदवहीवरचा. फिमोरल हर्नियाच्या ३,९८० शस्त्रक्रिया, त्यांतल्या २,४९० बायकांवरच्या. यांतल्या ३५.९ टक्के तातडीनं कराव्या लागल्या. इंग्वायनल हर्नियात हेच प्रमाण ४.९ टक्के होतं. तातडीच्या फिमोरल शस्त्रक्रियांत २२.७ टक्के वेळा आतड्याचा तुकडा कापून काढावा लागला. इंग्वायनलमध्ये ५.४ टक्के. वेळ ठरवून केलेल्या फिमोरल शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचा धोका सर्वसामान्य लोकांपेक्षा वाढला नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर तो सुमारे दहा पट होता.

आता ‘वाट पाहिली तरी चालेल’ हा ७२० पुरुषांचा निष्कर्ष एखाद्या साठीतल्या बाईला लावून बघा. तिच्या जांघेत सुपारीएवढी गाठ आहे. घरातले म्हणतात, “अवधाण आलं असेल, शेकून काढ.” तीही लाजते, दाखवत नाही. मग एके दिवशी उलट्या, पोटात कळा. ॲसिडिटीच्या गोळ्या होतात, सलाईन होतं, जांघ कुणी बघत नाही. मंठ्याहून किंवा भोकरदनहून जालन्याला, तिथून गरज पडली तर पुढं संभाजीनगरला, यात तास जातात. आतड्याचा रक्तपुरवठा थांबला असेल तर हे तासच सगळं ठरवतात. हा प्रसंग काल्पनिक आहे, पण यातली एकही कडी अशक्य नाही. म्हणून म्हटलं की इथं पेपरचं वाचन महत्त्वाचं.

मग दुर्मिळ प्रकारांचं ज्ञान येतं कुठून?

फिमोरल तरी नोंदवहीत हजारांनी सापडतो. ऑब्ट्युरेटर, अम्यांड यांचं काय? तिथं बहुतेक केस रिपोर्ट असतात. एक रुग्ण, एक फोटो, “आम्ही असं केलं, रुग्ण बरा झाला.”

केस रिपोर्टला हसू नका. १७३५ मध्ये लंडनमध्ये क्लॉडियस अम्यांड यांनी ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियात टाचणीनं भोक पडलेलं अपेंडिक्स पाहिलं आणि ते काढलं. त्या एका नोंदीमुळं आजही सर्जन पिशवी उघडताना सावध असतो. एक केस सांगू शकते की ‘असं घडू शकतं’. किती वेळा घडतं आणि कुठला उपाय जास्त चांगला, हे ती सांगू शकत नाही. बरे झालेले रुग्ण छापून येतात, बिघडलेले फारसे येत नाहीत. आणि एकूण किती रुग्णांतून हा एक निवडला, तो छेद कुठंच नसतो.

केस मालिकेसाठी एक सोपा हिशेब पाठ करून ठेवा. कुणी म्हटलं, “३० रुग्ण केले, एकाचाही हर्निया परत आला नाही,” तर ३ भागिले ३० करा. म्हणजे खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं, आणि तरीही ३० जणांत शून्य दिसणं शक्य आहे. संख्याशास्त्रात याला तीनचा नियम म्हणतात. ९५ टक्के विश्वासाची ती अंदाजे वरची मर्यादा असते. शून्य म्हणजे धोका नाही असं नव्हे, फक्त अजून दिसला नाही.

नोंदवहीलाही प्रश्न विचारा. २००९ च्या त्याच अभ्यासात वेळ ठरवून केलेल्या फिमोरल शस्त्रक्रियांत, मागून जाळी लावलेल्यांना नुसते टाके घातलेल्यांपेक्षा पुन्हा शस्त्रक्रिया कमी वेळा लागली. छान. पण कोणाला जाळी आणि कोणाला टाके, हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, सर्जननं ठरवलं होतं. शिवाय मोजलं ते ‘पुन्हा शस्त्रक्रिया’, ‘पुन्हा हर्निया’ नव्हे. गाठ परत आली पण बाई दवाखान्यात गेलीच नाही, तर ती आकड्यात नाही.

तीन दावे वेगळे करा

परत मच्छरदाणीच्या जाळीकडं येऊ. “स्वस्त जाळी चालते” या एका वाक्यात तीन दावे लपलेत. पहिला, सामग्रीचा : हे कापड शरीरात कंपनीच्या जाळीसारखंच वागतं. दुसरा, जागेचा : ते पुढून, पट्ट्याच्या वर बसवलं तर हर्निया थांबतो. तिसरा, रुग्णाचा : हे अमुक प्रकारच्या माणसात खरं आहे. युगांडाच्या चाचणीनं पहिल्या दाव्याला चांगला आधार दिला, तोही दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या चौकटीत राहून. उद्या कुणी तीच जाळी मागच्या बाजूनं फिमोरल हर्नियासाठी वापरली, तर सामग्रीचा आधार त्याला घेता येईल, पण जागेचा आणि रुग्णाचा आधार नव्यानं मिळवावा लागेल.

टोणगावकरांचा मूळ प्रश्न होता, ‘ज्याला परवडत नाही त्याचं काय?’ तोच प्रश्न एक पाऊल पुढं न्यायचा तर ‘जिला चाचणीतच घेतलं नाही तिचं काय?’ असं विचारावं लागेल. दुर्बीण, भूल, मोठी जाळी आणि शिकलेला हात हे सगळं जिथं नाही, तिथं फिमोरल हर्नियाची चांगली, स्वस्त दुरुस्ती कोणती, हा प्रश्न वर सांगितलेला एकही पेपर सोडवत नाही.

आणि हो, स्वीडनचे टक्के जसेच्या तसे जालन्याला चिकटवू नका. नाहीतर आपणही तीच चूक करू, फक्त स्त्री-पुरुषाच्या जागी देश येईल. यंत्रणा, म्हणजे पट्ट्याच्या खालची अरुंद वाट, दोन्हीकडं तीच. पण वय, बाळंतपणं, कामाचा भार, दवाखान्यापर्यंतचं अंतर वेगळं. आकडे इथलेच हवेत. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. पुढं तिथं प्रबंध लिहिणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यानं नैतिक समितीची परवानगी घेऊन शस्त्रक्रियांच्या नोंदींतून एवढंच मोजलं तरी मोठं काम होईल : स्त्री की पुरुष, वय, आधी निदान काय होतं, आत प्रत्यक्ष काय सापडलं, वेळ ठरवून की तातडीनं, आतडं कापावं लागलं का, त्रास सुरू झाल्यापासून टेबलावर येईपर्यंत किती तास. सातच रकाने. दोन नवीन पद्धतींच्या तुलनेपेक्षा ही साधी मोजणी आधी व्हायला हवी, कारण छेद माहीत नसताना तुलना करायची कशाची?

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या सिनॉप्सिसमधले सगळ्यात जास्त वेळा उद्धृत केलेले पाच पेपर काढा. विषय कोणताही असो : कापसाचं वाण, पाण्यातलं फ्लोराइड, बॅटरीचं रसायन. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा. शीर्षक कोणाबद्दल बोलतं? प्रत्यक्ष नमुना कोणाचा होता? या दोन्हींत जे गळलं ते काय? आणि गळलेल्याला हा निष्कर्ष लावायचा तर कुठल्या यंत्रणेच्या जोरावर?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर तो पेपर टाकून देऊ नका. बहुतेक वेळा तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथंच असतो, आणि आरआरसीत “यात नवीन काय?” असं विचारलं गेलं की सांगायला तुमच्याकडं नेमकं काहीतरी असतं.

पाच पेपरचा तक्ता झाला की कमेंटमध्ये टाका. पुढच्या पोस्टमध्ये त्यातलेच दोन-तीन घेऊन बसू.